शेवटच्या सरीचं पाणी

आमच्या ऑफिसात कपाटावर एक लिटरची एक रिकामी बाटली ठेवलीय, गळ्यापाशी मार्करनं रेघ मारलेली. नवीन आलेलं पोरगं हमखास ती कचऱ्यात टाकायला जातं आणि मी हमखास ओरडतो, कारण आमच्या कॉम्प्युटरांचं पाणी त्या बाटलीनं वाटलंय. रेघ मापानं पाणी ओतून मारलीय, बरोबर एक लिटरवर. कॉम्प्युटरांचं पाणी म्हणजे काय आणि ते वाटायचं कशाला, हे बरेच जण विचारतात, दरवेळी अर्धवट सांगून होतं, म्हणून एकदा सगळं नीट लिहितोय.

ऑफिस कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात, खाली लेथ आणि मिलिंगचं शॉप आणि वर माडीवर आम्ही. आमचं काम फौंड्रीवाल्यांचं, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्यांचं. शिरोलीला नाहीतर गोकुळ शिरगावला कुणाला नवीन कास्टिंग घ्यायचं असलं की साचा करायच्या आधी आम्ही ते कॉम्प्युटरवर ओतून बघतो. चौदाशे डिग्रीच्या आसपासचं पातळ लोखंड साच्यात कुठनं कसं पळतंय, कुठला कोपरा आधी गोठतोय, कुठला शेवटी, आणि जो शेवटी गोठतोय त्याला तोवर वरनं पातळ लोखंड मिळत राहतंय की नाही. नाही मिळालं तर आत पोकळी पडते आणि ती मशीनिंग करताना कळते, म्हणजे सगळा खर्च झाल्यावर. हे जादा लोखंड पुरवणारा साच्यातला कप्पा म्हणजे रायझर, तो कुठं ठेवायचा, किती मोठा ठेवायचा, हे सांगण्यावर आमचं पोट चालतं.

एक हिशोब सुटायला आठ-आठ दहा-दहा तास लागतात. सहा मशीनं, त्यातली दोन मोठी, दोन-दोन ग्राफिक्स कार्डांची. सगळी फुल लोडवर असली की मिळून भिंतीतनं तीन हजार वॅट ओढतात, आणि कॉम्प्युटर जेवढी वीज खातो तेवढी सगळी शेवटी उष्णताच होते, दुसरीकडं जायला तिला जागाच नाही. तीन हजार वॅट म्हणजे बंद खोलीत तीन इस्त्र्या दिवसरात्र तापत ठेवायच्या. खिडक्या उघडाव्यात तर खालनं लोखंडाची बारीक धूळ येते, ती पंख्यात ओढली जाते, बोर्डावर बसते, आणि लोखंडाची धूळ म्हणजे वीज वाहून नेणारी. एक मदरबोर्ड आमचा त्यानंच गेला, काढून बघितला तर सॉकेटच्या कडेनं करडी पूड बसलेली. म्हणून खिडक्या बंद. खिडक्या बंद म्हणून उकाडा. दीड टनाचा एसी लावला, एक टन म्हणजे साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर ओढायची ताकद, म्हणजे कागदावर दीड टनाला सव्वापाच हजार वॅट, हिशोब बरोबर बसत होता. पण वरचा स्लॅब दुपारभर तापतो, आत चार माणसं, आणि एप्रिलमध्ये एसी एकदा सुरू झाला की रात्री दहापर्यंत कट-ऑफच व्हायचा नाही. दुपारी तीन वाजता मशीनं आपोआप स्पीड कमी करायची. दहा तासांचं काम चौदा तासांवर जायचं.

मग म्हणलं पाणी. आता तयार वॉटर कूलर बाजारात मिळतात, चिपवर बसणारा, आतनं पाणी फिरणारा एक तांब्याचा ब्लॉक, दोन नळ्या आणि एक छोटा रेडिएटर, पण तो रेडिएटर कॅबिनेटमध्येच बसतो. म्हणजे चिपची उष्णता पाण्यानं घेतली आणि त्याच खोलीत सोडली. चिपला आराम, खोलीला काहीच नाही. आम्हाला उष्णता भिंतीच्या पलीकडं न्यायची होती, आणि सहा मशीनांचे सहा रेडिएटर गच्चीवर नेण्यापेक्षा सगळ्यांना मिळून एकच पाणी, एकच मोठा रेडिएटर, हे सरळ दिसत होतं. एक लिटर पाणी एक डिग्रीनं तापताना जेवढी उष्णता घेतं तेवढी घ्यायला साधारण साडेतीन हजार लिटर हवा लागते. हा आकडा मला माहीत होता, पण पाण्याची ताकद मला त्याच्या खूप आधी कळलेली होती, नदीवर.

आमचं गाव करवीर तालुक्यात, भोगावतीच्या काठाला. लहानपणी नदीवर ऑइल इंजिनं होती, उपशाची. पंपाच्या डिलिव्हरीतनं एक बारकी नळी काढून इंजिनच्या जॅकेटात सोडलेली असायची, नदीचं गार पाणी एका बाजूनं आत आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडायचं ते चांगलं कढत. थंडीच्या दिवसांत आम्ही पोरं त्या नळीखाली आंघोळ करायचो. समोर नदीवर धुकं, पाठीमागं इंजिनचा टुकटुक आवाज, पायाखाली काळा चिखल, आणि डोक्यावर अंगठ्याएवढी कढत धार, तिला डिझेलचा बारीकसा वास. धारेच्या बाहेर आलं की दात वाजायचे म्हणून कुणी बाहेर यायचं नाही, मागचा ढकलायचा तेव्हा पुढचा हलायचा.

आबा माझे तीसेक वर्षं गावच्या पाणीपुरवठा संस्थेत पाटकरी होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नदीवरनं उचललेलं पाणी कुणाच्या रानात कधी सोडायचं आणि कधी बंद करायचं हे ठरवणारा आणि रात्री-अपरात्री जाऊन चाव्या फिरवणारा माणूस म्हणजे पाटकरी. गावात त्याला सगळे चहा पाजतात आणि सगळे शिव्याही देतात. मी आबांना कागदावर चित्र काढून दाखवलं, म्हणलं आबा, ह्या मशीनांना असं पाणी फिरवायचंय, उन्हाळ्यात पाणी गार कसं ठेवायचं तेवढं कळंना. आबांनी चित्र बघितलं आणि म्हणाले, "इंजनाला गार पाणी नको असतंय रं. पळतं पाणी पायजे."

हे वाक्य मला आठवडाभर पुरलं. कारण मी खरंच चिलरचे, म्हणजे फ्रीजसारखं पाणी गार करणाऱ्या मशीनचे दर काढत बसलो होतो. चिप नव्वद डिग्रीच्या पुढं गेली की स्वतःला आवरायला लागते, सत्तर डिग्रीला ती मजेत असते. गच्चीवर सावलीत अडतीस-चाळीस डिग्री हवा असली तरी त्या हवेनं पाणी पंचेचाळीसपर्यंत आणून सोडता येतं, आणि पंचेचाळीसचं पाणी सत्तरच्या चिपला गारच आहे की. मोठी माणसंसुद्धा ह्याच वाटेनं गेलीत. आयबीएमनं मोठ्या कॉम्प्युटरांत पाणी खेळवलं ते साठच्या दशकातच, १९८५ च्या क्रे-२ ह्या सुपरकॉम्प्युटरमध्ये तर सगळी सर्किटंच एका वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवून ठेवलेली होती, आणि २०१० ला झुरिकमध्ये अक्वासार नावाचा जो कॉम्प्युटर उभा केला त्याला साठ डिग्रीपर्यंतचं गरम पाणी देऊन थंड ठेवत होते, परत आलेल्या पाण्याची ऊब इमारत गरम करायला वापरत होते. आपल्या इथं पुण्यात आयसर ह्या विज्ञान संस्थेत परम ब्रह्म हा सुपरकॉम्प्युटर आहे, त्याच्याही चिपांवरनं थेट द्रव फिरतो. म्हणजे नदीवरच्या इंजिनपाशी जे चाललं होतं तेच.

रेडिएटर उद्यमनगरातच मिळाला. दोन गल्ल्या सोडून एक मिस्त्री आहेत, ट्रक-ट्रॅक्टरचे रेडिएटर दुरुस्त करतात, त्यांच्याकडं एका जुन्या ट्रकचा तांब्या-पितळेचा रेडिएटर पडून होता. मला ॲल्युमिनियमचा नकोच होता. ब्लॉक तांब्याचे, जोड पितळेचे, आणि त्याच पाण्यात ॲल्युमिनियम आलं की त्याची बॅटरी होते, ॲल्युमिनियम झिजत जातं आणि त्याचा पांढरा गाळ ब्लॉकमध्ये जाऊन बसतो. हे मी मिस्त्रींना सांगायला लागलो तर ते म्हणाले साहेब हे मला सांगू नका, निम्मी गिऱ्हाइकं माझी त्यानंच येतात. मग त्यांनी रेडिएटरची तोंडं रबरी बुचांनी बंद केली, एका तोंडाला हवेची नळी लावली आणि रेडिएटर हौदात बुडवला. आम्ही दोघं हौदावर वाकलेलो. आधी सगळीकडनं अडकलेली हवा सुटली, बुडबुड बुडबुड, मग शांत झालं, आणि मग खालच्या डाव्या कोपऱ्यातनं एकेक बुडबुडा यायला लागला, मोहरीएवढा, सावकाश. मिस्त्रींनी पाण्यातच त्या जागेवर बोट ठेवलं, दुसऱ्या हातानं खडूनं वरच्या पट्टीवर खूण केली, बाहेर काढून तिथं घासलं, ॲसिड लावलं, टॉर्च मारला आणि कथलाचा एक थेंब ओघळून फटीत शिरला. परत हौदात. पाच मिनिटं बघत बसले, एक शब्द नाही. बुडबुडा नाही. मग म्हणाले, न्या.

आतनं लिंबू फुलाच्या पाण्यानं चार वेळा धुतला, पहिल्यांदा आलेलं पाणी चहासारखं होतं. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभा केला, मागं दोन पंखे. बाकी सामान बहुतेक ठिबकच्या दुकानातनं आलं. हे मला फार आवडलं, कारण ऊसवाल्यांच्या जिल्ह्यात पाणी वाटायचं जेवढं स्वस्त आणि पक्कं सामान मिळतं तेवढं कॉम्प्युटरच्या दुकानात कधीच मिळणार नाही. काळी नळी, ग्रोमेट, कॉक, आणि १२० मेशचा जाळी फिल्टर. काळी नळी मुद्दाम, पारदर्शक नळी दिसायला छान असते पण उजेड आत गेला की शेवाळ धरतं. आणि फिल्टर तर पाहिजेच, ब्लॉकच्या आत तांब्याच्या पात्यांमधली फट मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढी असते, तिच्यात कचरा अडकला की संपलं, आणि १२० मेशची जाळी साधारण १३० मायक्रॉनच्या वरचं सगळं अडवते. ठिबकच्या तोटीची काळजी आणि ब्लॉकची काळजी एकच. पाणी बॅटरीचं, त्यात हिरवं कूलंट मिसळलेलं.

आबांना एकच शंका होती, की माडीवरनं गच्चीवर पाणी चढवायला एवढासा पंप कसा पुरेल. इथं मला त्यांना काहीतरी सांगता आलं. नदीवरनं रानात पाणी चढवतो तेव्हा ते वर जाऊन तिथंच राहतं, म्हणून सगळी उंची पंपाला सोसावी लागते. इथं जेवढं वर चढतंय तेवढंच दुसऱ्या नळीतनं खाली उतरतंय, उतरणारं पाणी चढणाऱ्याला ओढतं, पंपाला फक्त नळ्यांची घासण सोसायची. एकदा हवा काढून नळ्या भरल्या की झालं. आबा थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हंजे राटासारखं." रहाट नव्हे म्हणायला गेलो, पण मग लक्षात आलं, पोहऱ्यांची माळ, एका बाजूचे उतरणारे पोहरे दुसऱ्या बाजूला तोलून धरतात, बरोबरच होतं की.

पहिल्यांदा मी चूक केली ती नळी एकापाठोपाठ एक फिरवण्याची. पहिल्या मशीनमधनं निघालेलं पाणी दुसऱ्यात, दुसऱ्यातलं तिसऱ्यात, असं सहापर्यंत. जोड कमी, नळी कमी, सोपं. पण सगळ्या ब्लॉकांच्या बारीक फटी एकाच वाटेवर आल्यावर पंपाचा जीव जातो, मिनिटाला जेमतेम दोन लिटर पाणी फिरत होतं. मशीनांची मिळून चोवीसशे वॅट उष्णता पाण्यात यायची, बाकी सहाशे पॉवर सप्लाय, रॅम वगैरेंची हवेतच राहते, आणि दोन लिटरला चोवीसशे वॅट म्हणजे सतरा डिग्रीची चढ. पहिल्या मशीनला छत्तीसचं पाणी मिळालं तर सहाव्याला पोचेपर्यंत ते पन्नासच्या वर गेलेलं. पहिली तीन मशीनं छान चालायची, सहावं दुपारी बंद पडायचं. पंप मोठा आणावा असं मी म्हणत होतो. आबा ऑफिसात आले, सहाव्या मशीनच्या नळीला हात लावला, मग पहिल्याच्या, आणि म्हणाले, "टेलला काय पोचतंय ते आधी बग. हेडला बघून पाणी कळत न्हाई."

माझ्या मते ह्या सगळ्या उद्योगातली खरी गोष्ट एवढीच आहे. थंड करणं अवघड नाही. थंड करायचं ज्ञान पुस्तकात आहे, सूत्रात आहे, दुकानात आहे. सगळ्यांचं मिळून एक पाणी केलं की ते सगळ्यांना पोचवणं, त्यातही शेवटच्याला, हे अवघड आहे, आणि त्याचं ज्ञान आमच्या जिल्ह्यात पाटकऱ्यांकडं आहे. गावाकडं उपशाच्या लाईनवर तोंडाला असलेल्या शेतकऱ्याचा ऊस काळाभोर आणि टेलच्या माणसाचा पिवळा, हे मी लहानपणापासून बघत आलोय. तोंडाचा माणूस वाईट नसतो. त्याचा कॉक पूर्ण उघडा असतो एवढंच, आणि पाणी जवळची सोपी वाट धरतं. टेलचा माणूस रात्री दोनला बॅटरी घेऊन लाईन धरून चालत येतो आणि बघतो, वर कुणी जादा उघडलंय का. आबांनी अशी किती भांडणं सोडवली असतील, आणि सोडवायची त्यांची रीत एकच होती, बोलायच्या आधी मोजायचं.

तर मग सगळं उपटलं आणि नव्यानं घातलं. आबा म्हणाले, मेन जाड ठेव, फाटे बारीक ठेव. हे ठिबकचंही तत्त्व आहे, सबमेन जाड असली की तिच्यात दाब कुठंच फारसा पडत नाही आणि मग प्रत्येक फाट्याला तोंडापाशी जवळपास सारखाच दाब मिळतो. दीड इंची पीव्हीसीचा एक हेडर, म्हणजे फाटे फुटणारी जाड नळी, जाण्याचा, एक येण्याचा, भिंतीला धरून, आणि प्रत्येक मशीनला दोन बारीक नळ्या, दोन्हींवर कॉक. आता पाणी मिनिटाला दहा लिटर फिरायला लागलं, पंप तोच. तरी सारखं वाटलं जात नव्हतं, कारण मोठ्या दोन मशीनांत ब्लॉक जास्त, म्हणजे अडथळा जास्त, म्हणजे ज्यांना जास्त पाहिजे त्यांनाच कमी जात होतं.

तेव्हा ती बाटली आली. रविवार होता, खालचं शॉप बंद, शांत. परतीच्या सहा नळ्या हेडरवरनं काढून एका टबात सोडल्या, पंपही टबातच ठेवला. आबा स्टुलावर बसले, धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलेलं, डाव्या हातात बाटली, उजव्या हातात त्यांचं मनगटावरनं काढलेलं घड्याळ. मोबाईलमध्ये स्टॉपवॉच आहे म्हणलं, नको म्हणाले, काटा पळताना दिसला पाहिजे. एकेक नळी बाटलीत धरायची, पाणी रेघेला लागलं की "हां", मी वहीत सेकंद लिहायचे. पहिल्या फेरीत पहिलं मशीन २७, सहावं ५८, मोठी दोन ६० च्या पुढं. आबांनी पहिल्याचा कॉक पाव फेऱ्यानं आवळला. लगेच बाकीच्या पाच नळ्यांचा आवाज बदलला, खरंच बदलला, टबात पडणारी धार जरा भरीव झाली. एकाचं आवळलं की सगळ्यांचं वाढतं, म्हणून एक लावून दुसऱ्याकडं गेलं आणि परत पहिल्याकडं आलं तर पहिल्याचा आकडा हललेला असतो. मी दोन फेऱ्यांत वैतागलो. आबा नाही. ते म्हणाले, "पैलं लावून सोडायचं नस्तंय. फिरून यायचं. चार फेऱ्या तरी होणार."

सगळ्यांना सारखं करायचं म्हणलं तर प्रत्येकी ३६ सेकंद यायला पाहिजे होते. तिसऱ्या फेरीत ते जवळ आलं आणि मी खूश झालो, तर आबांनी विचारलं, ह्यातली उसाची कुठली आणि शाळूची कुठली? मला क्षणभर कळलं नाही. मग म्हणलं ही दोन उसाची, ह्यांची पाण्यात पाचशे-पाचशे वॅट येते, बाकी चार शाळूची, साडेतीनशे-साडेतीनशे. मग सारखं कशाला देतोस, म्हणाले. वहीत हिशोब केला, सगळ्यांचं पाणी सारखंच तापून बाहेर यावं, साडेतीन डिग्रीच्या आसपास, तर चार लहान्यांना लिटरला ४१ सेकंद आणि दोन मोठ्यांना २९. परत पहिल्यापासनं. दुपारी दोनला सुरू केलेलं, संध्याकाळी खालच्या गल्लीत भेळेचा गाडा लागला तेव्हा वहीत ४१, ४१, २९, ४२, २९, ४१ असे आकडे होते. आबांनी प्रत्येक कॉकच्या दांड्यावर खडूनं रेघ मारली, कुणी चुकून फिरवला तर कळावा. नळ्या परत हेडरला जोडल्यावर आकडे थोडे हलतात, ते नंतर परतीच्या नळीवर सेन्सर लावून तापमान बघत बारीक लावून घेतले. पण घडी बसली ती त्या रविवारीच.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालताना जशी पाण्याची उंची एकेक बरग्यानं धरत नेतात, तसंच हे होतं, घाई करून जमत नाही. संध्याकाळी मशीनं सुरू केली. सगळ्यांत आधी काय जाणवलं तर आवाज. अठरा-वीस पंख्यांचा घों-घों आवाज गेला, खालच्या शॉपची रविवारची शांतता वरपर्यंत ऐकू आली.

आता जे वाईट झालं तेही सांगायला पाहिजे, कारण एकत्र पाण्याचा तो खरा तोटा आहे. दोन महिन्यांनी एका रात्री चौथ्या मशीनच्या ग्राफिक्स कार्डावरची नळी क्लिपमधनं सरकली. क्लिप मीच आवळलेली होती. गच्चीवरची छोटी टाकी साडेतीन मीटर वर, म्हणजे खाली ब्लॉकवर सतत तेवढ्या उंचीचा दाब असतो, नळी सुटली की सगळं पाणी तिथनंच येणार. निखळ पाणी वीज फारशी वाहून नेत नाही असं म्हणतात, पण महिनाभर तांब्या-पितळेतनं फिरलेलं, कूलंट मिसळलेलं पाणी निखळ राहत नाही. कार्ड गेलं. आणि एका मशीनचं पाणी गळालं म्हणून सहाच्या सहा बंद, कारण टाकी रिकामी, पंप कोरडा. सकाळी दार उघडलं तर फरशीवर हिरवं पाणी आणि सगळ्या मशीनांचे दिवे विझलेले. एका फौंड्रीला काम दोन दिवस उशिरा गेलं, त्यांचा साचा थांबला होता, ते मला अजून लागतं. सहा मशीनांना सहा वेगळे कूलर असते तर एक गेलं असतं, पाच चालली असती, हे मान्य करायलाच पाहिजे.

त्यानंतर जे केलं ते आधीच करायला पाहिजे होतं. टाकीत फ्लोट बसवला, पाणी अर्धा लिटर जरी उतरलं तरी पंप बंद आणि मशीनं स्वतःहून बंद व्हायला लागतात. पंप दोन, एक चालू, एक तयार, दोघांच्या पुढं एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा वॉल्व्ह, नाहीतर चालणाऱ्याचं पाणी बंद असलेल्यातनं उलटं फिरतं. पंप यूपीएसवर, लाईट गेली की मशीनं बंद झाली तरी चालतील, पाणी पळत राहिलं पाहिजे. प्रत्येक जोडाला दोन क्लिपा. आणि कुठलाही जोड उघडला की पाण्याच्या आधी हवा भरायची, सायकलच्या पंपानं, गेज लावून, साबणाचा फेस लावून, जसं पंक्चरवाले करतात आणि जसं मिस्त्रींनी हौदावर केलं होतं. गेजचा काटा तासभर हलला नाही तरच पाणी, आणि मग एक दिवस मशीनं बंद ठेवून नुसतं पाणी फिरवायचं, प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा कागद घालून. कागदावर टिपका दिसला की थांबायचं.

पावसाळ्यात लोक विचारतात, नळ्यांना घाम येत नाही का. जुलैमध्ये कोल्हापुरात कपडे चार दिवस वाळत नाहीत, हवाच एवढी ओली. पण घाम येतो तो हवेपेक्षा गार वस्तूला, फ्रीजमधनं काढलेल्या तांब्याला येतो तसा. आमचं पाणी नुसत्या हवेनं थंड होतं, त्यामुळं ते हवेपेक्षा गार कधी होतच नाही, म्हणजे घाम यायचा प्रश्न नाही. चिलर लावला असता तर आला असता, मशीनच्या आत, बोर्डावर. कुणी म्हणालं रेडिएटरवर पाणी शिंपडा, कूलरसारखं. उन्हाळ्यात त्यानं चार-पाच डिग्री सहज मिळतील, पण पाण्यातला क्षार पात्यांवर बसेल, आणि पावसाळ्यात माठातलं पाणी जसं गार होत नाही तसं तेही चालणार नाही. नाहीच केलं. एसी अजून आहे, तो आता माणसांसाठी चालतो, आणि कट-ऑफ होतो. पंप आणि गच्चीवरचे पंखे मिळून दोनशे वॅटसुद्धा खात नाहीत.

मागच्या आठवड्यात सातवं मशीन आलं. लहान, शाळूवालं. हेडरवर दोन भोकं आधीच ठेवलेली होती, जोडायला तासही लागला नाही, पण सातवा फाटा निघाला की बाकी सहांचं पाणी कमी होणार, वाटणी सगळी पहिल्यापासनं. आबांचे गुडघे आता माडी चढू देत नाहीत, ते गावाकडंच असतात. कपाटावरची बाटली काढली, टब मांडला, मोबाईल स्पीकरवर टाकून टबाच्या काठाशी ठेवला. लहान्यांना आता ४५ यायला पाहिजेत, मोठ्यांना ३१. नवीन पोरगं कॉकपाशी बसलं, मी बाटली धरली.

"धारंचा आवाज यायलाय," आबा म्हणाले. "शेवटच्याला किती?"

"बावन्न."

"आणि पैल्याला?"

"अडतीस."

"मग पैल्याचा आवळ. पाव फेरा. आणि परत टेलपासनं मोजत ये."